ओल्ड मनालीतल्या रात्री, स्पीकर बंद झाल्यावरच्या

बुधवार, गुरुवार

मनाली म्हटलं की आपल्याकडे अजूनही हनिमून पॅकेज नाहीतर टूर कंपनीच्या एकसारख्या टोप्या घातलेली चाळीस माणसं एवढंच डोळ्यासमोर येतं. पण मॉल रोडवरून दोन-तीन किलोमीटर वर चालत गेलं आणि मनाल्सू नाल्यावरचा पूल ओलांडला की ओल्ड मनाली लागतं, तिथलं सगळंच वेगळं आहे आणि आम्हाला राहायचं होतं ते तिथेच, हॉटेलात नाही, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये. आम्ही म्हणजे मी डोंबिवलीची, माझी आतेबहीण ठाण्याची आणि तिच्या ऑफिसमधली मैत्रीण विक्रोळीची, तिघी तिशीच्या अलीकडे-पलीकडे आणि तिघींच्या रजा कशाबशा एकत्र जुळलेल्या.

घरी हॉस्टेलचं नाव काढल्यावर आत्याचा पहिला प्रश्न, "अगं पण अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपायचं म्हणजे काय?" तिला सांगितलं की फक्त बायकांची वेगळी डॉर्म असते, प्रत्येकीला लॉकर असतो, बेडला पडदा असतो, तरी तिचा चेहरा काही सैल होईना. मग मामा मदतीला आला. त्याने कॉलेजात असताना युथ हॉस्टेल्स असोसिएशनकडून, म्हणजे वायएचएआयकडून, सार पासचा ट्रेक केलाय, कसोलच्या बेस कॅम्पला एकेका तंबूत कितीतरी जण झोपायचे, रात्री कॅम्पफायर म्हणजे लाकडं न जाळता नुसता दिवा लावून गाणी आणि मग गरम बोर्नव्हिटा, हे तो दर गणपतीत सांगतो. तो आत्याला म्हणाला, "ताई, हे तेच आहे गं, फक्त आता भिंती आहेत." आत्या गप्प बसली.

सीएसएमटीहून नाशिकमार्गे जाणारी राजधानी आम्ही कल्याणला पकडली, ती सकाळी निजामुद्दीनला सोडते. तिथून पिंक लाइनने लाजपतनगर, तिथे व्हायोलेट लाइन पकडून कश्मीरी गेट, सामान तिथल्या बसस्थानकाच्या, म्हणजे आयएसबीटीच्या, क्लोकरूममध्ये टाकलं आणि एकच स्टेशन पुढे चांदणी चौकात जाऊन जेवलो. संध्याकाळी हिमाचल परिवहनची व्होल्वो. दिल्लीबद्दल मला एवढंच सांगायचंय की मजनू का टीलावरून निघणाऱ्या खाजगी बसपेक्षा ही बस मला जास्त बरी वाटली, सुटायची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि बायकाच असलात तर तेवढं पुरतं.

शुक्रवार

पहाटे मंडीच्या पुढे जाग आली. बियास डाव्या-उजव्या हाताला येत-जात होती, औटचा बोगदा संपला आणि कुलू खोरं सुरू झालं. २०२३ च्या जुलैमध्ये या नदीने हायवेचे अख्खेच्या अख्खे तुकडे नेले होते, ते टीव्हीवर बघितलेलं, पण प्रत्यक्षात नदीच्या मधोमध घराएवढे दगड पडलेले बघितले की पोटात गोळा येतो. शेजारच्या सीटवरचे काका पतलीकुहलचे होते, ते खिडकीतून बोट दाखवून सांगत होते की इथे बाग होती, इथे दुकान होतं, आणि सांगताना आवाज अजिबात चढवत नव्हते.

मनाली साधारण २०५० मीटरवर आहे, ऑक्टोबरात सकाळी हात गारठतात. स्टँडवरून रिक्षाने पुलापर्यंत आलो आणि पुढचा चढ चालत चढलो, कारण हॉस्टेल गावात वर होतं, जिथे रस्ता संपून पायवाट लागते. आणि ते बरंच झालं. खालचा अर्धा भाग म्हणजे कॅफे, लोकरीच्या टोप्या, टॅटूची दुकानं, हिब्रूतल्या पाट्या, आणि एक वळण घेतलं की एकदम गाव. काठकुणी घरं, म्हणजे देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकावर एक थर, मध्ये सिमेंट-बिमेंट काही नाही, भूकंपात हलतात पण टिकतात अशी बांधणी. खाली गाई, वर माणसं. दगडी पाट्यांच्या छपरांवर मका वाळत घातलेला, सज्ज्यात हिवाळ्यासाठी गवताचे भारे. अंगावर पट्टू पिनांनी टाचलेल्या, डोक्याला धाटू बांधलेल्या बायका पाठीवर ओझं घेऊन आमच्या बाजूने सरळ चढून गेल्या आणि आम्ही कठड्याला धरून श्वास घेत उभ्या.

हॉस्टेल म्हणजे असंच एक जुनं घर आणि त्याला मागून जोडलेली नवी इमारत. आमच्या डॉर्ममध्ये सहा बेड, स्लीपर कोचच्या बर्थसारखे एकावर एक, प्रत्येकाला पडदा, छोटा दिवा, चार्जिंगचा पॉइंट. बेडचे साडेसहाशे रुपये रात्रीला. कुलूप आपलं आपण न्यायचं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, तिथे विकत मिळतं पण महाग. काउंटरवर आधारचा फोटो घेतला, आमच्या पुढे एक परदेशी मुलगी होती तिचा फॉर्म सी भरायला वेळ लागत होता, परदेशी पाहुण्याची नोंद सरकारकडे करावीच लागते. काउंटरमागे एक पाटी होती की लोकल आयडी चालणार नाही. अशा पाट्या भारतात बऱ्याच हॉस्टेलांत दिसतात आणि मला त्या अजिबात पटत नाहीत. ज्या गावाच्या जिवावर धंदा उभा आहे त्याच गावच्या पोरांना दारातून परत पाठवायचं? त्रास देणारा माणूस कुठलाही असू शकतो, त्याला त्याच्या वागण्यावरून बाहेर काढा की. मी तिथल्या मॅनेजरला हे बोलून दाखवलं, तो म्हणाला "दीदी, मालिक का रूल है", आणि तो स्वतः बंजारचा, म्हणजे याच जिल्ह्यातला.

आपल्याकडे या नव्या पद्धतीच्या हॉस्टेलांचं वारं २०१३ नंतर पसरलं, त्या वर्षी जोधपूरला झोस्टेलचं पहिलं हॉस्टेल निघालं, आणि मग डोंगरातल्या प्रत्येक गावात चार-चार उघडली. मूळ कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युथ हॉस्टेल चालू केलं, शाळेच्या पोरांना चालत फिरताना रात्री डोकं टेकायला जागा हवी म्हणून. माझा पगार बघता मनालीत आठवडाभर राहणं मला परवडतं ते या माणसामुळे, असं मी मानते.

संध्याकाळी सात वाजता गल्ली जागी झाली. प्रत्येक कॅफेत कोणीतरी गिटार घेऊन बसलेलं, नाल्याच्या कडेला कॅफे १९४७ मध्ये लाइव्ह म्युझिक, पाण्याचा आवाज आणि वर गाणं, टेबल मिळायला उभं राहावं लागलं. शक्षुका आणि हमस खाल्लं, म्हणजे अंडी टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली आणि काबुली चण्याचं वाटण, सोबत ब्रेड, थंडीत एक नंबर लागतं. हे पदार्थ इथे का, तर इस्रायलमधली पोरं-पोरी सक्तीची लष्करी नोकरी संपवून मोठ्या प्रवासाला निघतात आणि त्यातली कितीतरी या खोऱ्यात येऊन महिनोन्महिने राहतात, त्यांच्यासाठी इथल्या लोकांनी हे शिकून घेतलं.

परतताना अंधाऱ्या वळणावर एक जण हळूच म्हणाला, "कुछ चाहिए?" नको म्हटलं आणि चालत राहिलो. याबद्दल स्पष्ट लिहिते कारण लोक हसण्यावारी नेतात. हिमाचलात झाड रानोमाळ उगवत असलं तरी चरस बाळगणं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, शंभर ग्रॅमपर्यंतच्या 'अल्प' प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि या रस्त्यांवर पोलीस बॅगा उघडून बघतात. आणि पोलीस राहू द्या बाजूला, त्या गल्लीत राहणाऱ्या घरांतली शाळकरी पोरं हे सगळं रोज बघतायत.

दहाला स्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. मुंबईत दहाला आपण ऑफिसातून जेमतेम घरी पोचलेलो असतो, त्यामुळे मैत्रीण जरा हिरमुसली, "एवढ्या लांब येऊन दहाला झोपायचं?" आणि आम्ही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये शिरलो तर तिथे वीसेक माणसं जमिनीवरच्या गाद्यांवर बसलेली, मधे लोखंडी तंदूर, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटलेला, माफिया नावाच्या खेळाचा डाव अर्ध्यावर आलेला. कोणीतरी सरकून जागा केली. चहाची किटली फिरत होती. आमचं मराठी ऐकून कोपऱ्यातून एक मुलगा ओरडला, "कुठल्या तुम्ही?" तो नागपूरचा, बुलेट घेऊन आलेला, दिवसा लॅपटॉपवर काम आणि संध्याकाळी फिरणं. मग एक कोचीच्या शाळेतल्या शिक्षिका, पन्नाशीच्या, एकट्या आलेल्या. इंदूरची एक मुलगी जी तिथे व्हॉलंटियर होती, म्हणजे भिंती रंगवायच्या, पाहुण्यांना गाव दाखवायचं आणि बदल्यात राहणं-जेवण फुकट. आणि काउंटरवर भेटलेली ती परदेशी मुलगी, तेल अवीवची. एक वाजून गेला तरी कोणी उठेना.

शनिवार

सकाळी वशिष्ठला. नदीच्या पलीकडे, ओल्ड मनालीहून तासाभराची चाल. वशिष्ठ ऋषींच्या देवळाला लागून गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचं पाणी, पुरुषांचं कुंड वेगळं आणि बायकांचं वेगळं, भिंतीआड. बायकांच्या कुंडात उतरलो तेव्हा आत गावातल्या चार-पाच जणी आधीच होत्या. पाणी एवढं कढत की पहिल्यांदा पाऊल घातलं आणि काढलं. एक आजी म्हणाल्या, "धीरे-धीरे, पहले घुटने", आणि हाताने पाणी ओंजळीत घेऊन आतेबहिणीच्या गुडघ्यांवर सोडत राहिल्या, ती शेवटी गळ्यापर्यंत उतरली. रात्रीच्या बसचं सगळं अंगदुखणं तिथेच संपलं. बाहेर त्याच गरम पाण्याच्या तोट्यांवर बायका भांडी-कपडे धूत होत्या. साबण आत न्यायचा नाही, आधी बाहेर अंग धुवून मग उतरायचं, एवढं पाळलं तरी खूप, पण आमच्या देखत दोघी शांपूची पुडी घेऊन उतरल्या आणि आजींनी त्यांना बाहेर काढलं, बरोबरच केलं.

पुढे जोगिनी धबधब्यापर्यंत चालत गेलो, सफरचंदाच्या बागांतून वाट आहे, फळ उतरवून झालेलं होतं त्यामुळे झाडं रिकामी. वाटेत मॅगी. यावर जास्त काही लिहीत नाही, जा आणि बघा.

त्या रात्री मात्र गोष्ट बिघडली. शनिवार, त्यात लाँग वीकएंड, दिल्ली-चंदीगडच्या गाड्या पुलापासून खालपर्यंत लागलेल्या. आमच्या हॉस्टेलच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी डीजे लावला होता आणि दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले, तो काही थांबेना. लाकडी घरात बास कसा घुमतो ते अनुभवल्याशिवाय कळत नाही, बेडच्या फळ्या थरथरत होत्या. कॉमन रूममध्ये बोलणंच होईना, एकमेकांच्या कानात ओरडायला लागत होतं, माफियाचा डाव सुटला, पोरं आपापल्या फोनमध्ये गेली. आदल्या रात्री जी माणसं एकमेकांना आयुष्यातल्या गोष्टी सांगत होती तीच माणसं, तीच खोली, आणि काहीच घडेना. मला तेव्हाच लख्ख कळलं की मी जिच्यासाठी इथे आले होते ती रात्र दहानंतरची आहे आणि ती शांततेवरच उभी आहे.

रविवार

हॉस्टेलच्या वरच्या घरात ज्या अम्मा राहतात त्या सकाळी दूध द्यायला आल्या. मी विचारलं, "अम्मा, रात को नींद आई?" त्या म्हणाल्या की गाय रात्रभर उभीच होती, खाली बसलीच नाही, आणि आता दूधही कमी दिलं. त्यांना पहाटे पाचला उठायचं असतं. कोणाकडे तक्रार केली का विचारलं तर हात हलवला, "सीझन है बेटा", एवढंच. त्या हलवलेल्या हाताचं मला फार वाईट वाटलं. आपण चार रात्रींसाठी येतो आणि त्या तिथे बारा महिने राहतात.

व्हॉलंटियर मुलीने आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणून अम्मांकडे सिड्डू शिकायला गेलो. कणीक रात्रीच खमीर घालून भिजवलेली, सकाळपर्यंत चांगली फुगलेली. पाट्यावर अक्रोड, खसखस, लसूण, हिरवी मिरची, मीठ असं भरड वाटायचं, जास्त बारीक नाही, दाताखाली यायला हवं. गोळा हातानेच चपटा करायचा, मधे सारण, अर्धा दुमडून कडा दाबायच्या, करंजी करतो तशाच, फक्त जाड. आतेबहिणीने कडेला मुरड घातली तर अम्मा थांबून बघायला लागल्या, मग तिचा हात धरून पुन्हा करायला लावलं, आणि पुढचे सगळे त्यांनी स्वतः मुरडीचे केले. वीस-पंचवीस मिनिटं वाफ. बाहेर काढला की चाकूने कापून मधोमध तूप ओतायचं, चमच्याने नाही, वाटीने. मी अडीच खाल्ले. जेवण झाल्यावर अम्मांनी सुनेला सांगून आम्हाला वाळलेले अक्रोड बांधून दिले आणि पैसे घ्यायला सांगितलं तर रागावल्या, सिड्डूचे घेतले, अक्रोडाचे नाही.

दुपारी हिडिंबा देवीचं देऊळ. १५५३ साली राजा बहादूरसिंगाने बांधलेलं, चार टप्प्यांचं छप्पर, आजूबाजूला डुंगरीचं देवदारांचं रान, दिवसासुद्धा खाली अंधार. आत मोठी मूर्ती नाही, शिळेवर पावलांचे ठसे आहेत. कुलूच्या दसऱ्यात देवी पालखीतून ढालपूरच्या मैदानात गेल्याशिवाय सोहळा सुरू होत नाही, राजघराण्याची ती आजी मानली जाते, आणि तो दसरा आपला संपतो तेव्हा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. आम्ही पोचलो तेव्हा दसरा होऊन गेला होता, गावोगावचे देव पालख्यांतून घरी परतले होते. वारीच्या मुलखातली माणसं आम्ही, पुढच्या वेळी त्या पालख्यांच्या दिवसांत यायचं हे तिथेच ठरवलं.

रात्री जे झालं ते मला नीट लिहायचंय. संध्याकाळी नागपूरकर, कोचीच्या बाई आणि मॅनेजर असे तिघे त्या डीजेवाल्या जागी गेले, भांडायला नाही, बोलायला. वरच्या घरातल्या गाईचं सांगितलं, नियमाचंही सांगितलं. मालक तरुण होता, तो म्हणे गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, पार्किंगचं भाडं आहे, वर्षातले पाच-सहा महिनेच धंदा. त्याचंही खोटं नाही. पण दहाला बंद करतो म्हणाला आणि त्या रात्री खरंच केलं, कदाचित रविवार होता आणि गाड्या उतरून गेल्या होत्या म्हणून असेल, मला माहीत नाही, पण केलं.

दहाला सगळं शांत झाल्यावर कॉमन रूममध्ये एक गिटार, बाकी नुसते गळे. आधी हिंदी अंताक्षरी, ती नेहमीप्रमाणे भांडणावर आली. मग कोचीच्या बाईंनी ओणमला होडीची वल्ही मारताना म्हणायची गाणी म्हटली, त्यांनी मांडीवर जो ठेका धरला तो हळूहळू सगळ्यांच्या हातात आला. मग आतेबहीण, जी ऑफिसच्या पार्टीतही कोपऱ्यात बसते, तिने आमच्या आजीकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मी त्या तिच्या तोंडून आजी गेल्यापासून ऐकल्याच नव्हत्या. तेल अवीवच्या मुलीने विचारलं की हे कशाबद्दल आहे, मी सांगितलं दळताना बायका भावाबद्दल, माहेराबद्दल गातात, तर ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली तिचा भाऊ अजून सैन्यात आहे. मग तिनेही एक गाणं म्हटलं, हिब्रूतलं, आवाज फार साधा, मधेच थांबली, परत सुरू केलं.

आणि मग मॅनेजर उठला. दिवसभर "मालिक का रूल है" म्हणणारा तो मुलगा कुलवी गाणं म्हणायला लागला आणि अम्मांची सून, जी चहाचे कप न्यायला आली होती, तिने दारातूनच दुसरी ओळ उचलली. त्या दोघांनी आम्हाला नाटी शिकवली. हात हातात गुंफायचे, गोल करायचा, दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघा किंचित वाकवून अंग झुलवायचं, घाई अजिबात करायची नाही. आपल्याला झिम्मा-फुगडीची सवय, आम्ही तिघी सारख्या पुढे पळत होतो आणि ती सून हात ओढून परत वेळेवर आणत होती. तंदूरभोवती चक्कर घेत घेत वीस माणसांचे पाय एकदाचे जुळले तेव्हा जमिनीच्या फळ्या एकाच वेळी वाजायला लागल्या. मी मुंबईत महागातल्या महाग ठिकाणी रात्रभर नाचलेय, असं कधीच वाटलं नव्हतं. हॉस्टेल निवडताना म्हणूनच मी आता सांगते, व्ह्यू बघू नका, कॉमन रूमचे फोटो बघा, बसायला जमीन आहे का की नुसते बार स्टूल, आणि रिव्ह्यूमध्ये लोक माणसांबद्दल लिहितायत का नाश्त्याबद्दल.

सोमवार

शेअर टॅक्सी करून सहा जण अटल बोगद्यापलीकडे, लाहौलमधल्या सिस्सूला. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, त्याआधी हिवाळ्यात रोहतांगचा घाट बंद झाला की लाहौलमधली माणसं कित्येक महिने अडकून पडायची. या बाजूने हिरव्या देवदारांत शिरलो आणि पलीकडे निघालो तर उघडे तपकिरी डोंगर, पिवळेधमक झालेले पॉपलर आणि चंद्रा नदी. नदीपलीकडे सिस्सूचा धबधबा. वारा असा की टोपी धरून फोटो काढावा लागला. ड्रायव्हर लाहौलचाच होता, त्याची आई बोगद्याआधी आजारी पडली तेव्हा हेलिकॉप्टरची वाट बघत दिवस काढले होते, हे त्याने बोगद्यातच सांगितलं, त्यानंतर गाडीत कोणी रील काढली नाही.

संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसलो. कुक नेपाळचा, मोमो भरण्याचा त्याचा वेग बघत राहावा असा, डाव्या अंगठ्याने सारण दाबायचं आणि उजव्या हाताने कडा फिरवत आणायची. तो म्हणाला आता पंधरा-वीस दिवस, मग इथलं बरंच बंद होईल आणि तो आरंबोलला जाईल. इथला सीझन संपतो तेव्हा गोव्याचा सुरू होतो, प्रवाशांबरोबर कुक, वेटर, गिटारवाले सगळेच खाली सरकतात आणि उन्हाळ्यात परत वर येतात. त्याला थोडंफार मराठी येतं, पेडण्यातल्या भाजीवाल्याकडून शिकलेलं. त्याची मुलगी गावी आजीकडे असते, वर्षातून एकदा भेट. आपण ज्याला नाइटलाइफ म्हणतो ती या माणसाची दुपारी तीन ते रात्री एक अशी ड्युटी असते, तेव्हा जेवल्यावर आपलं ताट आपण उचलून मोरीत ठेवायला काहीच हरकत नाही आणि टीपचे पैसे त्याच्या हातातच द्यावेत, डब्यात नाही.

शेवटची रात्र म्हणून सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला. मी पिठलं केलं, बेसन मॉल रोडवर मिळालं, नागपूरकराने त्यात त्याच्या बॅगेतली सावजी मसाल्याची पुडी ओतली आणि मैत्रिणीशी त्याचं जे वाजलं ते थेट कोकण विरुद्ध विदर्भावर गेलं. इस्रायली मुलीने तीन वेळा वाढून घेतलं.

मंगळवार

सकाळी गावात वर मनूच्या देवळापर्यंत एक शेवटची चक्कर, अम्मांना भेटलो, त्यांच्या गाईला चपाती दिली. परतीची बस दुपारची. तीनच्या सुमारास मॉल रोडवर भुट्टिकोच्या दुकानातून आत्यासाठी कुलू शाल घेतली, ही १९४४ पासूनची विणकरांची सहकारी संस्था आहे, किंमत ठरलेली, घासाघीस नाही, आणि काठावरचं भौमितिक नक्षीकाम खरंच हातमागाचं. बाजूच्या दुकानांत तशीच दिसणारी शाल निम्म्या किमतीत मिळते पण ती मशीनची.

नागपूरकर स्टँडवर सोडायला आला होता. दिवाळीनंतर त्याचा ऐरोलीत इंटरव्ह्यू आहे, मुंबईत चांगलं हॉस्टेल कुठलं म्हणून विचारत होता, अंधेरीत आहेत, वांद्र्यात आहेत, मी यादी द्यायला फोन काढला तेवढ्यात आत्याचाच फोन आला. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "अगं ठाण्याहून ऐरोली दोन स्टेशनं, हॉस्टेल कशाला शोधतोय तो, फराळही शिल्लक असेल, त्याला म्हणावं आमच्याकडेच उतर." फोन स्पीकरवर होता, त्याने ऐकलं, आणि तिथल्या तिथे आत्याचा पत्ता लिहून घेतला.